कोळसा सूर्याचा, पाणी आपलं

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाण्यापासून पार कल्याणपलीकडच्या गावांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. या रुग्णालयात ठाणे महानगरपालिकेने एक प्रयोग केला होता. अंतर्वक्र आरशांच्या मोठमोठ्या तबकड्या उन्हात उभ्या केल्या, त्यांनी गोळा केलेल्या उन्हावर पाण्याची वाफ केली आणि त्या वाफेवर वातानुकूलन यंत्रणा चालवली. अशा यंत्रात कॉम्प्रेसरचं काम उष्णता करते. लिथियम ब्रोमाइडचं द्रावण पाण्याची वाफ शोषून घेतं, त्यामुळे कमी दाबाखाली ठेवलेलं पाणी गार असतानाच उकळत राहतं आणि खोलीतली उष्णता ओढून घेतं. द्रावण पाण्याने भरून आलं की ते पुन्हा आटवावं लागतं. त्यासाठी लागणारी आच सूर्याकडून येते. म्हणजे बाहेर ऊन जितकं कडक, तितकी आत थंडाई करायची ताकद जास्त.

या प्रयोगाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अवकाशयानांच्या इंजिनांवरचं काही वाचत होतो, आणि दोन्ही गोष्टी एकदम एकमेकींना येऊन भिडल्या. कारण आरशांनी ऊन एका जागी आणायचं, त्यावर एक द्रव तापवायचा आणि त्याच्या वाफेकडून काम करून घ्यायचं, एवढ्याच तीन पायऱ्यांवर अवकाशयान ढकलायची कल्पना क्राफ्ट एरिके या मूळ जर्मन, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या अभियंत्याने १९५६ साली मांडली होती. तेव्हा अजून स्पुटनिकही उडालेला नव्हता. पण ही कल्पना समजून घ्यायला अमेरिकेत जायची गरज नाही. ठाणे स्टेशन पुरेसं आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी निघाली आणि ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिची तीन इंजिनं. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, रूळ कल्याणपर्यंत पोचले. वाफेच्या त्या इंजिनाला दोन गोष्टी बरोबर न्याव्या लागत, कोळसा आणि पाणी. कोळसा ऊर्जा देई. पाणी स्वतः जळत नसे, ते फक्त तापून वाफ होई, दट्ट्या ढकली आणि धुराड्यातून निघून जाई. ऊर्जा देणारी वस्तू वेगळी आणि काम करून बाहेर पडणारी वस्तू वेगळी, हा फरक मनात पक्का धरून ठेवावा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आज कल्याणची लोकल कोळसाही नेत नाही आणि पाणीही नेत नाही. वरच्या तारेतून वीज घेते आणि खालच्या रुळाला रेटा देऊन पुढे जाते. अवकाशात ही सोय नाही. तिथे रेटा द्यायला रूळ नाही, रस्ता नाही, हवासुद्धा नाही. पुढे जायचं तर आपल्याजवळचं काहीतरी मागे फेकावंच लागतं. नेहमीच्या रॉकेटमध्ये हे ‘काहीतरी’ आणि ऊर्जेचा साठा एकच असतो. इंधन आणि ऑक्सिडीकारक एकमेकांत जळतात आणि जळून झालेला वायूच मागे फेकला जातो. कोळसाही तोच आणि पाणीही तेच.

एरिकेची सूचना अशी होती की कोळसा यानावर चढवूच नये. तो सूर्यापाशी आहे आणि संपणारा नाही. आपण फक्त पाणी न्यायचं. म्हणजे रुळाची उणीव भरून काढायला फेकण्याची वस्तू बरोबर घ्यायची, पण ऊर्जा लोकलसारखी बाहेरून घ्यायची. याला सौर औष्णिक प्रणोदन म्हणतात. एखाद्या उपग्रहावरचे सौरपंखे सूर्याकडून वीज घेतात, ती गोष्ट वेगळी. इथे मधे वीज येतच नाही. उन्हाची उष्णता थेट वायूत जाते, त्यामुळे वीज करताना होणारी मोठी घट टळते.

आता बरोबर न्यायचं ते पाणी खरोखरच पाणी असावं का? वाफेवर यान चालेल, पण त्याहून पुष्कळ चांगला पर्याय हायड्रोजनचा आहे. रॉकेटमध्ये वस्तू किती फेकली याच्याइतकंच ती किती वेगाने फेकली याला महत्त्व असतं. एकाच तापमानाला तापवलेल्या दोन वायूंत ज्याचे रेणू हलके, तो जास्त वेगाने धावतो. पाण्याच्या रेणूचं वजन १८ धरलं तर हायड्रोजनच्या रेणूचं २. नऊपट हलका, म्हणून त्याच तापमानाला रेणूचा वेग तिप्पट. रासायनिक रॉकेटला हा हलकेपणा पूर्ण वापरता येत नाही. हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जाळला की पाणी तयार होतं, आणि ते जड पाणीच मागे फेकावं लागतं. सूर्याच्या उष्णतेवर काही जाळावं लागत नाही, त्यामुळे हायड्रोजन हायड्रोजनच राहतो.

आकड्यांत सांगायचं तर आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या वरच्या टप्प्यातलं सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिन वायू मागे फेकतं ते सेकंदाला साधारण ४.३ किलोमीटर वेगाने. रासायनिक इंजिनांच्या वरच्या मर्यादेजवळचा हा वेग आहे. सुमारे २५०० अंश सेल्सिअसला तापवलेला शुद्ध हायड्रोजन सेकंदाला आठ ते नऊ किलोमीटर वेगाने बाहेर पडू शकतो. जवळजवळ दुप्पट.

दुप्पट या शब्दाने त्याचं खरं मोल कळत नाही, म्हणून मंगळयानाचं उदाहरण घेतो. ५ नोव्हेंबर २०१३ ला ते श्रीहरिकोट्याहून निघालं तेव्हा त्याचं वजन १३३७ किलो होतं. त्यातलं ८५२ किलो नुसतं इंधन होतं. उपकरणं, सांगाडा, अँटेना, सौरपंखे, टाक्या हे सगळं मिळून उरलेल्यात. त्याच्या इंजिनाचा वायू साधारण तीन किलोमीटर वेगाने बाहेर पडत होता. रॉकेटच्या गणितात हा वेग घातांकात बसतो, त्यामुळे तो थोडा वाढला तरी इंधन खूप वाचतं. पृथ्वीजवळच्या खालच्या कक्षेतून भूस्थिर कक्षेत दहा टनांचं काही न्यायचं असेल, तर मंगळयानाच्या जातीच्या इंधनावर वर पोचतात जेमतेम अडीच टन, क्रायोजेनिक इंजिनावर पावणेचार-चार टन आणि सूर्याने तापवलेल्या हायड्रोजनवर, हळू जाण्याने वाढणारा खर्च धरूनही, पाच टनांच्या वर. या शेवटच्या आकड्यातून आरशाचं आणि टाकीचं वजन अजून वजा व्हायचं आहे. तरीही एकाच उड्डाणात वर जाणाऱ्या सामानात पडणारा फरक मोठा आहे, आणि तो केवळ कोळसा खाली ठेवल्याने पडतो.

मग ही इंजिनं श्रीहरिकोट्याहून का उडत नाहीत? इथे आरशाचा हिशेब करावा लागतो, आणि तो शिर्डीच्या स्वयंपाकघरावर करणं मला आवडतं. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ मध्ये ७३ शेफलर तबकड्या बसवल्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरची. त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचं जेवण शिजतं. एकूण आरसा झाला जवळपास ११७० चौरस मीटर. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर एका चौरस मीटरवर १३६१ वॅट ऊन पडतं. समजा हे सगळे आरसे कक्षेत नेले आणि गोळा झालेल्या उन्हापैकी साठ टक्के उष्णता हायड्रोजनच्या झोतात उतरवता आली. झोताचा वेग सेकंदाला आठ किलोमीटर धरला तर मिळणारा रेटा येतो सुमारे २४० न्यूटन, म्हणजे २४ किलोंचं वजन हातावर जेवढा भार देतं तेवढा. शिर्डीचं सगळं छत, आणि ढकल एका भरलेल्या प्रवासी बॅगेच्या भाराएवढी. जमिनीवरून उठताना एलव्हीएम-३ चं वजन ६४० टन असतं. तिथे याचा काहीही उपयोग नाही.

पण एकदा कक्षेत पोचल्यावर गुरुत्वाशी सरळ झुंज उरत नाही. यान पडतच असतं, पडता पडता पृथ्वीभोवती फिरत असतं, आणि हलका रेटाही साठत जातो. शंभर चौरस मीटरचा आरसा, म्हणजे शिर्डीतल्या सहा-सात तबकड्यांएवढा, २० न्यूटन देईल. दोन टनांच्या यानाचा वेग त्यामुळे एका दिवसात सेकंदाला ८६० मीटरने वाढेल. याच कामाला विजेवर चालणारं आयन इंजिन इंधन आणखी कमी घेतं, कारण त्याचा झोत सेकंदाला तीसेक किलोमीटर वेगाने सुटतो. पण त्याचा रेटा न्यूटनच्या अपूर्णांकात असतो, आणि प्रवासाला महिने लागतात. डोंबिवलीकरांच्या भाषेत रासायनिक इंजिन फास्ट, आयन इंजिन स्लो आणि सूर्याचं इंजिन सेमी-फास्ट. भूस्थिर कक्षेचा प्रवास यात काही आठवड्यांत उरकतो.

आता मला ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त पकडून ठेवलं ती सांगतो. साधा अन्वस्त आरसा, म्हणजे बशीसारखा, सूर्याकडे तोंड करून ठेवला की त्याची नाभी, म्हणजे ऊन एकवटतं ती जागा, त्याच्या समोर मध्यावर येते. सूर्य सरकला की आरसा वळवावा लागतो, आणि आरसा वळला की नाभीही फिरते. नाभीवर भांडं ठेवलं असेल तर तेही आरशाबरोबर फिरणार. वोल्फगांग शेफलर यांनी १९८० च्या दशकात यावर तोडगा काढला. त्यांनी संपूर्ण बशी घेतलीच नाही, एका मोठ्या बशीच्या कडेचा तुकडा घेतला. कडेच्या तुकड्याची नाभी त्याच्यासमोर न येता बाजूला पडते. हा तुकडा पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा अक्षावर सूर्याबरोबर फिरवला तर नाभी जागच्या जागी राहते. ऋतूप्रमाणे सूर्याची उंची बदलते, त्यासाठी आरशाचा बाकही थोडा थोडा बदलता येतो. म्हणून ऊन गच्चीवर गोळा होतं, पण ते पडतं भिंतीतल्या एका ठरलेल्या ठिकाणी, आणि स्वयंपाकी सावलीत उभा राहून काम करतो.

अवकाशयानापुढे नेमकं हेच कोडं आहे. इंजिनाचं तोंड प्रवासाच्या दिशेने ठरतं, आरशाचं तोंड सूर्याच्या दिशेने. कक्षेत फिरताना या दोन दिशांमधला कोन सतत बदलतो. यान सूर्याकडे वळवावं तर रेटा भलतीकडे जातो, आणि रेट्याप्रमाणे वळवावं तर आरसा अंधारात. म्हणून अमेरिकी हवाई दलासाठी पुढे जे आराखडे झाले त्यांत यानाच्या दोन बाजूंना बशीच्या कडेचे दोन तुकडे दाखवलेले दिसतात. यान आणि आरसे आपापल्या अक्षावर फिरतात, पण दोन्ही आरशांची नाभी इंजिनाच्या तोंडाशी कायम राहते. शिर्डीच्या स्वयंपाक्याला सावलीत उभं करणारी आणि या इंजिनाला हवी तिकडे तोंड करू देणारी भूमिती एकच आहे.

फरक आहे तो काटेकोरपणाचा. वाफ करायला दोनशे अंश पुरतात. २५०० अंशांना तापलेली वस्तू मात्र स्वतःच इतकी झळाळते की प्रत्येक चौरस मीटरमधून ३३ लाख वॅट बाहेर फेकते. नुसती ही गळती भरून काढायला ऊन अडीच हजार पट दाट करावं लागतं, आणि हायड्रोजन तापवायचा तो त्यानंतर. दाट करण्यालाही मर्यादा आहे. सूर्य आपल्याला बिंदू दिसत नाही, अर्ध्या अंशाची चकती दिसतो, त्यामुळे आरसा कितीही नेटका असला तरी नाभीत बिंदू पडत नाही, सूर्याची छोटी प्रतिमा पडते. आरशाला किंचित पोचा आला, सुरकुती पडली की ती प्रतिमा पसरते आणि तापमान धाडकन खाली येतं. फ्रान्समध्ये ओदेयो इथली सौरभट्टी तीन हजार अंशांच्या वर जाते, पण तिचा आरसा एका उंच इमारतीला पक्का बांधलेला आहे. यानाच्या आरशाला इमारतीचं वजन परवडत नाही. तो घडी करून रॉकेटच्या टोपीत बसला पाहिजे आणि वर उलगडल्यावर बिनसुरकुतीचा राहिला पाहिजे. म्हणून फुग्यासारखे फुगणारे, पातळ चंदेरी पापुद्र्याचे आरसे आणि भिंगं करून पाहिली गेली.

आपल्याकडे केंद्रित उन्हावर काम करणाऱ्यांना या अडचणीची चांगली जाण आहे. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक शिरीष केदारे यांच्या कामातून ‘अरुण’ ही प्रचंड तबकडी उभी राहिली. लातूरच्या महानंद डेअरीत तिने दुधाच्या पाश्चरीकरणासाठी उष्णता दिली. क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस मीटर. एकसंध वक्र आरसा एवढा मोठा करणं कठीण, म्हणून तिच्यात सपाट आरशांचे पुष्कळ तुकडे नेमक्या कोनांत बसवले आहेत. वारा, धूळ, स्वतःचं वजन यांना तोंड देत दिवसभर सूर्याचा माग काढणारी एवढी मोठी चौकट बनवणं हे फार मोठं कौशल्य आहे, आणि मला ते रॉकेटच्या कौशल्याहून कमी वाटत नाही. अवकाशात वारा नाही आणि वजनही नाही, पण सूर्याचा माग काढण्याचं काम तसंच राहतं.

ठाण्या-कल्याणच्या माणसाला आणखी एक प्रश्न लगेच सुचेल, पावसाळ्याचं काय? आरसा फक्त सूर्याकडून सरळ येणारे किरण एकत्र आणू शकतो. ढगांतून पसरून आलेल्या उजेडाचा त्याला उपयोग नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या तबकड्या बहुतेक वेळ बसून असतात. अवकाशात ढग नाहीत, पण तिथे दर दीड तासाने पावसाळा येतो. खालच्या कक्षेतलं यान नव्वद मिनिटांच्या फेरीत पस्तीसेक मिनिटं पृथ्वीच्या सावलीत असतं. यावरचा उपाय आपल्या चुलीतल्या तापलेल्या दगडासारखा आहे. ग्रॅफाइटचा ठोकळा उन्हात तापवत ठेवायचा आणि नेमक्या वेळी त्यातून हायड्रोजन सोडायचा. याचा दुसरा फायदा असा की रेटा कक्षेच्या हव्या त्या बिंदूवर एकदम देता येतो. मंगळयानाचं इंजिनही पृथ्वीच्या सर्वांत जवळ येण्याच्या वेळीच पुन्हा पुन्हा पेटवून कक्षा लांबवत नेली होती. अमेरिकेत १९९७ मध्ये अशा उष्णता साठवणाऱ्या इंजिनाची जमिनीवर चाचणीही झाली. त्याच सुमारास नासाच्या मार्शल केंद्राने फुगणाऱ्या भिंगाचा ‘शूटिंग स्टार’ नावाचा प्रयोग तयार केला, तो स्पेस शटलमधून सोडायचा होता. तो उडाला नाही. त्याआधी रेनियमसारख्या, ३१८० अंशांपर्यंत न वितळणाऱ्या धातूच्या नळ्यांचं इंजिन करून पाहिलं होतं. गेल्या शतकातले हे सगळे प्रयत्न जमिनीवरच थांबले.

थांबण्याचं एक मोठं कारण सूर्याच्या बाजूचं नाही, हायड्रोजनच्या बाजूचं आहे. तो द्रवरूपात ठेवायचा तर उणे २५३ अंशांना ठेवावा लागतो, आणि तरीही तो इतका विरळ असतो की हजार लिटरच्या टाकीत फक्त ७१ किलो मावतो. आरसा ज्या उन्हासाठी लावला तेच ऊन टाकीलाही लागतं आणि आतला द्रव उडून जाऊ लागतो. काही आठवड्यांचा प्रवास म्हणजे काही आठवडे ही गळती. म्हणून आता अनेक जण अमोनिया किंवा साध्या पाण्याकडे वळले आहेत. झोताचा वेग घटतो, पण टाकी लहान होते आणि साठवण सोपी. २०२४ मध्ये पोर्टल स्पेस सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या यानाची योजना जाहीर केली, त्यामुळे हा विषय पुन्हा हलता झाला आहे.

उन्हाने यान ढकलायचं म्हटलं की बऱ्याच जणांना सौर शीड आठवतं, म्हणून त्याचाही हिशेब करून टाकू. प्रकाश आरशावर आपटून परततो तेव्हा स्वतःचाही किंचित धक्का देतो. जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये चौदा मीटर बाजूच्या शिडावर हा धक्का मोजून दाखवला. तो एक मिलिन्यूटनच्या जरासा वर भरला. भारताने हा धक्का त्याआधीच कामाला लावला होता. १९९२ च्या इन्सॅट-२ए उपग्रहाला एकाच बाजूला सौरपंखा होता, कारण दुसऱ्या बाजूला ढगांची चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याचा शीतक होता आणि त्याला रिकामं, थंड आकाश दिसायला हवं होतं. एका बाजूच्या पंख्यावर ऊन पडून उपग्रह वळू लागू नये म्हणून उलट बाजूला लांब दांड्याच्या टोकाशी छोटं शीड बसवलं होतं. दूरदर्शनच्या बातम्यांनंतर आपण हवामानाची जी ढगाळ चित्रं पाहायचो, त्यांच्यामागे उन्हाच्या धक्क्याचा असा तोल होता. पण शंभर चौरस मीटरचा आरसा शीड म्हणून वापरला तर मिळतो एक मिलिन्यूटनहून कमी रेटा, आणि तोच आरसा भट्टी म्हणून वापरून हायड्रोजन तापवला तर २० न्यूटन. वीस हजार पट. शिडाला काही फेकावं लागत नाही, हा त्याचा मोठेपणा. भट्टीची टाकी मात्र एक दिवस रिकामी होते.

या कल्पनेचं मला सर्वांत आवडणारं रूप आरशाशिवायचं आहे. आरसा लागतो तो आपण सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटर दूर राहतो म्हणून. सूर्याच्या केंद्रापासून त्याच्या तीन त्रिज्यांएवढ्या अंतरावर गेलं तर ऊन आपोआपच पाच हजार पट दाट असतं. शिवाय तिथे पडता पडता यानाचा वेग सेकंदाला साडेतीनशे किलोमीटरच्या वर गेलेला असतो, आणि त्या वेगात घातलेली थोडी भर सूर्याच्या पकडीतून सुटताना कित्येक पटींनी फळते. तिथे फक्त पाच किलोमीटरची भर घातली तर सूर्यमालेबाहेर पडताना सेकंदाला पन्नास-साठ किलोमीटर वेग उरतो. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ सतराने चाललं आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत जेसन बेन्कोस्की आणि सहकाऱ्यांनी यावर काम केलं आहे. तिथलंच पार्कर यान डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं, तेव्हा त्याची ढाल हजारेक अंशांना तापत होती आणि मागची उपकरणं सावलीत सुरक्षित होती. नव्या कल्पनेत ढालीच्या आतून नळ्या जातात. मागच्या टाकीतला उणे २५३ अंशांचा हायड्रोजन त्या नळ्यांत शिरतो, जाता जाता ढालीची उष्णता काढून घेऊन तिला वाचवतो आणि दुसऱ्या टोकाने झोत होऊन बाहेर पडतो.

तिथे बॉयलर आणि छत्री एकच असतात.